काळोखात कुठून आलीस?

पुणे,
दिव्यांची अवस, रात्री उशिरा

प्रिय सलील,

पेटी वाजवतोस का रे अजून? आजी गेल्यावर तिची पेटी तुझ्याबरोबर साताऱ्याला गेली. त्यानंतर मी तिची एकदाही चौकशी केली नाही, आणि आज तुला लिहायला बसले तर आधी तीच आठवली. का, ते पुढे सांगते.

आज संध्याकाळी रास्ता पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर गेले होते. तिथे महिन्यातून एकदा नऊ-दहा जण जमतात. स्वतःला गॉथ म्हणवतात. काळे कपडे, डोळ्यांत भरपूर काजळ, आणि इंग्लंडमध्ये १९७९-८० च्या सुमाराला सुरू झालेलं ते संथ, खर्जातलं, उदास संगीत. माझ्या ऑफिसातली एक मुलगी त्यांच्यात आहे. ऑफिसात ती फिकट रंगांचे कुडते घालते. एकदा जेवायच्या सुट्टीत मी कानाला लावून ऐकत होते ते तिने ऐकायला मागितलं. ऐकलं, आणि म्हणाली, "तुम्ही एकदा आमच्याकडे याच."

काय घालून जायचं हा प्रश्न होताच. मग आजीची चंद्रकळा काढली. आपल्याकडे काळं कौतुकाने नेसायला वर्षात एकच सण, संक्रांतीचा. एरवी शुभकार्यात काळं दिसलं की भुवया वर जातात. गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला काळी साडी नेसले होते, तर एका नातेवाईक बाईंनी मला बाजूला घेऊन "बदलून ये" म्हणून सांगितलं. बदलली मी. अजून वाईट वाटतं की बदलली. आज मात्र ती चंद्रकळा अवसेला नेसून, सकाळी घासलेल्या समया देवापुढे तेवत ठेवून, डब्यात कणकेचे गोड दिवे घेऊन निघाले. पाऊस भुरभुरत होता. कॅम्पातून चालतच गेले, लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या त्या प्रार्थनास्थळावरून. ते १८६७ साली पूर्ण झालं, पण बांधायला घेणारे डेव्हिड ससून त्याआधीच, १८६४ मध्ये, गेले. त्यांची कबर त्याच आवारात आहे. पावसात भिजलेल्या त्या लाल विटा आणि वर गेलेला मनोरा बघत मी दोन मिनिटं उभी राहिले. आपण लहानपणापासून ज्याला नुसतं 'लाल देऊळ' म्हणत आलो, त्या बांधणीलाही गॉथिकच म्हणतात.

गच्चीवर पत्र्याची शेड, मधे एक कंदील, भोवती सतरंज्या. नवीन माणूस आलं की त्यांची एक रीत आहे. नाव विचारत नाहीत. यजमान, साधारण आपल्याच वयाचा, पांढरी पडत चाललेली दाढी, तो एवढंच विचारतो: "तू या काळोखात कुठून आलीस?" माझ्याआधी दोन नवी मुलं होती. एक बाऊहाउस या बँडचं नाव घेऊन आला, दुसरी सूझी अँड द बॅन्शीज या बँडचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. लंडनच्या सोहोमध्ये १९८२ साली उघडलेल्या बॅटकेव्ह नावाच्या क्लबच्या गोष्टी ही मुलं अशा सांगतात, जणू आजोबांनी स्वतः पाहिलेल्या.

मग माझी पाळी. म्हटलं, "मी ऑपेरातून आले."

कोणी हसलं नाही. पण शांतता पसरली, आणि त्या शांततेत मला आपली कॅसेट आठवली. तुलाही आठवत असेल. जुन्या बाजारात दहा रुपयांना घेतलेली, कव्हर नसलेली, लेबल पुसलेली. तुझ्या खोलीत आपण ती लावली. बाई गात होती, बासरी तिच्यामागून जात होती, मग बासरी पुढे आणि बाई मागे. तू म्हणालास, "हे सवाल-जवाब आहेत, पण ही बाई शुद्धीवर नाही." भाषेचा एक शब्द कळत नसताना तू ते ओळखलंस. कितीतरी वर्षांनी मला शोध लागला की तो 'लुचिया दि लामेरमूर'मधला प्रवेश होता. तुझं अगदी बरोबर होतं.

मी त्यांना तेच सांगितलं. डोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराचा हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सांगायचं नाटक, १८३५ साली नेपल्सला पहिल्यांदा झाला. पहिल्याच अंकात लुचिया कारंज्यापाशी उभी राहून सांगते, की पूर्वी इथे एका बाईचा खून झाला, तिचं भूत मला दिसलं आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. पुढे भाऊ खोटं पत्र दाखवून तिचं लग्न दुसऱ्याशी लावतो. त्याच रात्री ती नवऱ्याला मारते आणि रक्ताळलेल्या कपड्यांत वऱ्हाडी मंडळींसमोर येते. येते आणि गाते. आपलं लग्न आपल्या प्रियकराशीच लागतंय असं तिला दिसत असतं. शेवटी तो प्रियकर पूर्वजांच्या थडग्यांमध्ये जीव देतो. आपण ऐकलेली ती बासरीबरोबरची जुगलबंदी मुळात डोनिझेत्तीची नाही, ती नंतरच्या गायिकांच्या काळात आत आली. त्याने त्या प्रवेशासाठी आधी काचेच्या वाट्यांचं वाद्य योजलं होतं, ग्लास हार्मोनिका. ओल्या बोटांनी फिरत्या काचा घासून वाजवायचं. प्रयोगाआधी ते काढून बासरी घातली. हल्ली काही ठिकाणी पुन्हा काचेवर वाजवतात. तसं एक ध्वनिमुद्रण मी फोनवर लावलं. सलील, तो सूर नेमका कुठून येतो ते कळतच नाही. गच्चीवर पत्र्यावरचा पाऊस, आणि त्यात तो काचेचा आवाज. एक मुलगी कंदिलापासून उठून अंधारात जाऊन बसली. नंतर म्हणाली, उजेड नको वाटला.

मग प्रश्न सुरू झाले. एकाने स्पष्टच विचारलं, की ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचं, गोड गळ्याचं, दागिन्यांचं नाही का? मला या प्रश्नाचा राग येत नाही. मीही मुंबईला एनसीपीएच्या सभागृहात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे पडद्यावरचे प्रयोग बघायला गाडीभाडं जमवून जात होते, आणि सभागृहात मला नेहमीच थोडं परकं वाटायचं. पण गोड गळ्याचं उत्तर माझ्याकडे होतं. व्हेर्दी या इटालियन संगीतकाराचा 'मॅकबेथ' १८४७ चा. पुढच्या वर्षी नेपल्सला तो बसवताना लेडी मॅकबेथसाठी तादोलिनी नावाची एक मोठी गायिका ठरली होती. व्हेर्दीने पत्र लिहून कळवलं, की हिचा आवाज फार सुंदर आहे, मला तो नको. मला खरखरीत, घुसमटलेला, पोकळ आवाज हवा. स्वतः व्हेर्दी हे म्हणतोय. बाऊहाउसवाला मुलगा ताठ बसला. त्यांचे गायक वर्षानुवर्षं हेच ऐकत आलेत, की तुमचा आवाज गोड नाही.

वेबर या जर्मन संगीतकाराच्या 'देर फ्रायशुट्झ' या ऑपेराबद्दल फार बोलायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी बोललेच. १८२१, बर्लिन. तो तुला आवडेल, कारण त्याची बांधणी आपल्या संगीत नाटकासारखी आहे: संवाद बोलायचे, पदं गायची. मध्यरात्री लांडग्यांच्या दरीत कास्पर नावाचा शिकारी सैतानाला बोलावून बंदुकीच्या सात गोळ्या ओततो. एक, दोन, तीन, प्रत्येक आकडा उच्चारला की दरीतून त्याचा प्रतिध्वनी येतो आणि वाद्यवृंद आणखी पिसाळतो. सातवी गोळी सैतानाची. तो सैतान, सामिएल, गात नाहीच, फक्त बोलतो. मुख्य पात्रांत न गाणारा तो एकटाच. मी म्हटलं, मला तर हे ऐकताना वेताळ टेकडीच दिसते, अवसेच्या रात्रीची. यावर सगळे एकदम बोलायला लागले. प्रत्येकाकडे टेकडीची एकेक गोष्ट होती. तिथून पुढे मी नवखी राहिले नाही.

यजमानाने क्लाउस नोमी या गायकाचं नाव काढलं. मी चकित झाले, कारण तो माझा फार आवडता, आणि पुण्यात त्याचं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. जर्मनीतला, न्यूयॉर्कला गेलेला, पोटासाठी पेस्ट्री बनवणारा. चेहरा पांढरा, ओठ काळे. पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या १६९१ च्या 'किंग आर्थर'मध्ये हिवाळ्याच्या दैवताला कामदेव झोपेतून उठवतो. ते थरथरत विनवतं, की मला पुन्हा गोठून मरू दे. मूळ पद खर्जातल्या पुरुषी आवाजाचं, नोमी ते उंच, बायकी पट्टीत गायचा. १९८३ च्या ऑगस्टमध्ये तो एड्सने गेला. यजमान म्हणाला, "आपली दोन्ही घरं याच्या अंगणातून जोडलेली आहेत." मला फार बरं वाटलं.

आणि आता पेटी. पर्सेलचाच 'डायडो अँड एनिअस', १६८९ च्या सुमाराचा. कार्थेजची राणी डायडो, प्रियकर सोडून निघालेला, ती मरणार आहे. तिच्या शेवटच्या पदाखाली बासची एक छोटी ओळ फिरत राहते, तबल्याच्या सोलोला लेहरा फिरतो तशी. ती ओळ अशी उतरते: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. सलग. ललतात दोन मध्यम शेजारी येतात तेव्हा तू हात थांबवून माझ्याकडे बघायचास, आठवतं? इथे एकही पट्टी न गाळता अशा पायऱ्या उतरायच्या. वर ती गाते, पण तिची ओळ लेहऱ्याबरोबर संपत नाही. समेवर येता येता ती पुढे निघून जाते. 'मला आठव, पण माझं प्राक्तन विसर', एवढंच म्हणते, पुन्हा पुन्हा. ती थांबते, तरी वाद्यं उतरतच राहतात.

बाऊहाउसवाल्याकडे बास गिटार होती. त्याने आधी बाऊहाउसचं ते १९७९ चं नऊ मिनिटांहून लांब गाणं वाजवून दाखवलं, ड्रॅक्युला झालेल्या नटाच्या मरणावरचं. त्यातही बास वरून खालीच उतरतो. मग मी त्याला डायडोची ओळ सरगममध्ये सांगितली, तो एकेक सूर शोधत गेला, आणि मी वर गुणगुणले. माझा गळा या पदाचा नाही, पण गायले.

गाताना बाबा आठवले. चौदाव्या दिवशी घरी सगळे म्हणाले होते, आता पुरे, आता सावर. प्रेमानेच म्हणाले. मी सावरलेही, कारण स्वयंपाक होता, ऑफिस होतं. पण रात्री हेच पद लावायचे. आजीही तशीच. 'एकच प्याला'तली सिंधूची पदं लागली की ती भाजी चिरायची थांबायची. गडकरी ते नाटक रंगभूमीवर आलेलं बघायच्या आधीच, १९१९ च्या जानेवारीत गेले, हे ती दर वेळी सांगायची, दर वेळी डोळे पुसायची, आणि कोणी घाई केलेली तिला चालायची नाही. गच्चीवरही आज कोणी घाई केली नाही. गाणं संपल्यावर बराच वेळ फक्त पाऊस होता. मग मी डबा उघडला, दिव्यांत तुपाच्या वाती लावल्या, कंदील विझवला. विझल्यावर दिवे गरम गरम खाल्ले. दोघांना ही चाल माहीत नव्हती, बाकीच्यांना आपापल्या आज्या आठवल्या.

निघताना ऑफिसातली ती मुलगी जिन्यात काजळ पुसत होती. घरी जाण्याआधी दर वेळी पुसते. रस्त्यात कोणी काही बोललं तर, म्हणून. इंग्लंडमध्ये २००७ साली सोफी लँकेस्टर नावाच्या वीस वर्षांच्या मुलीला गॉथ वेशामुळे बागेत मारहाण झाली, त्यात ती गेली. इथे सगळ्यांना ते नाव पाठ आहे. मी तिला रिक्षाने दारापर्यंत सोडलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी मी तुमच्यासारखी चंद्रकळा नेसणार, मग कोण काय बोलेल?

तर पुढच्या अवसेला त्यांना डायडो पूर्ण हवी आहे. बास गिटारवर तो मुलगा, पण मधले सूर भरायला पेटी हवी, आणि मला हातात तूच हवा आहेस. शनिवारी ये. स्वारगेटला मी घ्यायला येईन, पेटी दोघं मिळून धरू. आधी एकदा भाता बघून ठेव, आणि मंद्रातला कोमल धैवत अडकत होता तो मोकळा करून आण. आजी त्यावर नेहमी दोनदा बोट ठेवायची. या पदात तो दर फेरीला येतो.

तुझी,
मुक्ता