विमा कंपन्या वाढल्या, पण रुग्णालयाशी दर कोण ठरवणार?

संपादक महोदय,

वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात विमा क्षेत्रात १०० टक्के परकीय भांडवलाची घोषणाही झाली होती. आता नव्या कंपन्या येतील, चढाओढ लागेल आणि उपचार आवाक्यात येतील, असे अनेकांना वाटते. सोलापुरात तरी त्याची चिन्हे दिसत नाहीत. चढाओढ आजही भरपूर आहे, पण ती सगळी पॉलिसी विकण्यापुरती. रुग्णालयासमोर बसून दर खाली आणण्यात कुणालाच फारसा रस नाही, आणि असला तरी तेवढी ताकद नाही.

हप्त्याचे पैसे कुठे जातात ते पाहा. विमा नियामकाने (आयआरडीएआय) २०२३ मध्ये व्यवस्थापन खर्चाची कमाल मर्यादा ठरवली. सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी ती हप्त्याच्या ३० टक्के आहे, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांसाठी ३५ टक्के. एजंटांचे आणि बँकांचे कमिशन, जाहिराती, पगार हे सगळे त्यातून. २०२३-२४ मध्ये सरकारी कंपन्यांचा क्लेमवरचा खर्च १०० रुपये हप्त्यामागे १०० च्या वर गेला, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचा साधारण ६५ रुपये राहिला. सरकारी विमा कंपन्यांकडे नोकरदारांसाठी मालक घेतात त्या गट पॉलिसी जास्त असतात, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. तरीही ग्राहक ओढून आणण्याचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच हप्त्यातून निघतो, एवढे यावरून कळते.

ही चढाओढही निरोगी ग्राहकासाठीच असते. पोर्टेबिलिटी (जुन्या पॉलिसीचे लाभ राखून कंपनी बदलण्याची सोय) २०११ पासून आहे, पण नव्या कंपनीला अर्ज नाकारता येतो. साठीच्या पुढचा, मधुमेह असलेला किंवा स्टेंट बसवलेला माणूस दर वाढला म्हणून कंपनी बदलायला निघाला, की त्याला सहसा नकार तरी येतो किंवा जादा हप्ता सांगितला जातो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागेल, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. बाजाराने आपणहून ज्येष्ठांना सांभाळले असते तर तो काढावा लागला नसता.

आता दरांकडे येऊ. हृदय, मेंदू, नवजात अर्भकांचा अतिदक्षता विभाग अशा मोठ्या उपचारांची खासगी रुग्णालये सोलापुरात मोजकी आहेत आणि त्यांच्याकडे धाराशिव, पंढरपूर, कलबुर्गी, विजयपूरचेही रुग्ण येतात. त्यांचे कॅशलेस रुग्ण (ज्यांचे बिल विमा कंपनी थेट भरते) पंचवीस-तीस कंपन्यांत विभागलेले. एखाद्या कंपनीने दर कमी करा म्हटले, तर रुग्णालय तिचे पॅनेल (कॅशलेस रुग्णालयांची यादी) सोडून देऊ शकते. खाटा रिकाम्या राहत नाहीत. त्यामुळे पित्ताशयाच्या एकाच शस्त्रक्रियेचे एकाच रुग्णालयात प्रत्येक कंपनीसाठी वेगळे पॅकेज, रोख पैसे देणाऱ्यासाठी वेगळा दर, आणि यातला कुठलाच आकडा रुग्णाला आधी कळत नाही.

एकत्र येऊन दर ठरवता येतात, हे सरकारी विमा कंपन्यांनी २०१० मध्ये दाखवले होते. मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बेंगळुरूत त्यांनी पॅकेज दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे सामाईक जाळे उभारले. दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातले. राजीव गांधी जीवनदायी योजना (आजची महात्मा फुले योजना) जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तिथे उपचारांचा खरेदीदार एकच (राज्य सरकारची योजना), दरपत्रक एक. पण दर फार खाली नेले की रुग्णालये त्या खाटा 'भरल्या आहेत' म्हणू लागतात किंवा वरचे पैसे मागतात, हाही अनुभव याच योजनेचा. म्हणून कंपन्यांचे विलीनीकरण करा, असे मी म्हणणार नाही. 'आम्ही मोठे झालो की रुग्णालयांचे दर पाडू' हा अँथम आणि सिग्ना या विमा कंपन्यांच्या विलीनीकरणाचा युक्तिवाद अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केला नाही. वाचलेला पैसा ग्राहकापर्यंत पोहोचेलच याची खात्री कोण देणार?

विकण्याच्या चढाओढीत हप्ता कमी दाखवायचा एक सोपा मार्ग म्हणजे रूम रेंटची मर्यादा. बहुतेकांना ती डिस्चार्जच्या दिवशी कळते. समजा विमा ३ लाखांचा आणि खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. रुग्णाने ५,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिला. खोलीचे २०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि व्हिजिट मिळून ८०,०००, औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट ५०,०००, हातमोजे वगैरे किरकोळ वस्तू ५,०००. एकूण १,५५,०००. घरच्यांना वाटते, खोलीचे वरचे ८,००० आपण भरू. पण ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्केच मिळतात, आणि ते प्रमाण सर्जन-थिएटरच्या रकमेलाही लागते. तिथे उरलेले ४० टक्के, म्हणजे ३२,००० कापले जातात, किरकोळ वस्तूंचे ५,००० वेगळे. खिशातून ४५,००० जातात. खोली मात्र दिवसाला दोनच हजारांनी महाग होती!

यातले नियम माहीत असले तर बरेच वाचते. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. ज्या रुग्णालयात खोलीनुसार सर्जन-थिएटरचे दर बदलत नाहीत, तिथे ती मुळीच लावता येत नाही. तसे लेखी पत्र बिलिंग विभागाकडून दाखल होतानाच घ्यावे, नंतर ते मिळवताना नाकी नऊ येतात. नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याआधी रूम रेंट आणि को-पेच्या (बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने भरण्याच्या) अटी वाचाव्यात. कंपनी बदलायची तर मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा आणि होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये. प्रतीक्षाकाळाची (काही आजारांना संरक्षण सुरू होण्याआधीच्या मुदतीची) सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच मिळते, वाढीव रकमेला तो नव्याने सुरू होतो. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, उशिरामुळे वाढलेले बिल कंपनीने सोसावे, हा नियम २०२४ पासून आहे. म्हणून फायनल बिल कंपनीला कधी पाठवले ती वेळ लिहून ठेवावी.

अपेक्षा दोनच, एक प्रशासनाकडून आणि एक विमा कंपन्यांकडून. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. महापालिकेच्या आरोग्य विभागाने ती सर्व दरपत्रके एकत्र करून संकेतस्थळावर टाकावीत. दुसरे, मोतीबिंदू, अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय, सिझेरियन, अँजिओप्लास्टी अशा नेहमीच्या उपचारांचे सामाईक पॅकेज दर विमा कंपन्यांनी जिल्ह्यातल्या रुग्णालयांशी बसून ठरवावेत. ते दर रुग्णालयाला परवडणारे असावेत, क्लेमचे पैसे वेळेत मिळावेत, आणि कंपनीच्या मंजुरीपत्राची प्रत दरासह रुग्णाच्या हातात पडावी.

तोवर कपात चुकीची वाटली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही. सोबत पॉलिसीची अटींसह पूर्ण प्रत, तपशीलवार बिल आणि कंपनीचे कपातीचे पत्र जोडावे. पत्रात नुसती एकूण रक्कम असेल, तर कोणत्या बाबीत किती आणि कुठल्या कलमाने कापले हे आधी लेखी मागून घ्यावे.

— एक आरोग्य विमा सल्लागार, जुळे सोलापूर