ओसादातल्या बिबीस, सप्रेम सलाम

प्रिय बिबी,

सप्रेम सलाम.

तुम्हाला इंग्रजीत वेगळं लिहिलं आहे, ते पोचलं असेल. हे पत्र मराठीत आहे, कारण तुमच्याबद्दल आमच्या माणसांनी वाचावं असं मला वाटतं. मिशन ट्रिपहून, म्हणजे चर्चतर्फे परदेशी सेवेला जाऊन, परत आलं की रविवारी उपासनेनंतर साक्ष द्यायला पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात किती मुलं जमली, कुठली खोली रंगवली, कोणती गाणी शिकवली एवढंच उरकतं. लोक टाळ्या वाजवतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, चहा होतो. जिच्या जिवावर आमचा सगळा आठवडा निभावला ती बाई त्यात कुठेच नसते. तुमचं नाव याही पत्रात नाही. नाव, गाव, फोटो काही छापायचं नाही ही तुमचीच अट. ओसादात लहानथोर सगळे तुम्हाला बिबी म्हणतात, तर मीही तेच म्हणते. आमच्याकडे आत्या-मावशी म्हणतात तसंच ते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. स्लोव्हाकियाच्या पूर्वेला स्पिश नावाचा भाग आहे. टेकडीवर अवाढव्य पडका किल्ला आहे, युनेस्कोच्या यादीतला, तिथवर पर्यटकांच्या बसगाड्या येतात. त्याच भागातल्या एका गावाची शेवटची घरं संपली की मोकळं रान, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे रोमा लोकांची, म्हणजे कित्येक शतकांपूर्वी भारताकडून युरोपात गेलेल्या, ज्यांना जिप्सी म्हणत त्या लोकांची वस्ती. तिला ओसादा म्हणतात. गावकुसाबाहेर म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावायला नको. देशात रोमा चार लाखांहून जास्त आहेत. सगळेच काही असे ओढ्यापलीकडे राहत नाहीत, पण बरेच राहतात. 2004 साली स्लोव्हाकिया युरोपीय संघात गेला, तेव्हा या भागातली कितीतरी कुटुंबं कामाच्या शोधात इंग्लंडला, आमच्या शेफील्डला आली. तुम्हीही आलात, पॅकिंगच्या कारखान्यात रात्रपाळ्या केल्यात, इंग्रजी शिकलात आणि आईच्या आजारपणात परत गेलात. तिकडे काही वर्षं शाळेत गेलेली पोरं आज ओसादात अस्सल यॉर्कशायरी थाटात इंग्रजी बोलतात. आमच्या गटातल्या गोऱ्या मंडळींची पहिली बोलती बंद झाली ती त्यांच्यासमोर.

पहिले आभार तुमच्या अटींचे. आम्ही निघायच्या कितीतरी आधी तुम्ही फोनवर एकेक गोष्ट सांगून टाकलीत. जुने कपडे आणायचे नाहीत, इथे आधीचेच ढीग पडलेत. गाडीची डिकी उघडून चॉकलेटं वाटायची नाहीत. पोरं एकमेकांना तुडवतात, मग आयांची जुंपते, आणि तुम्ही गेल्यावर ती भांडणं मी सोडवत बसते. मोबाइल खिशात राहील. कुणाच्या घरात बोलावल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. दहापेक्षा जास्त माणसं नकोत, आणि त्यांत लाकडं फोडता येणारे दोघं तरी हवेत. आमच्या लीडरने बिचकत विचारलं, मग बायबल शाळेचं काय? तुम्ही म्हणालात, ती मी वर्षभर घेतेच, तुम्ही मदतीला बसा. पाहुण्यांना इतकं स्पष्ट सांगणारी यजमानीण मी तरी दुसरी पाहिली नाही. त्या एका फोनने आमचा गट निम्म्यावर आला आणि कामाचा झाला.

आता त्या फॉर्मची गोष्ट. आमच्या चर्चच्या नियमानुसार मुलांच्या कुठल्याही कार्यक्रमाला पालकांची सही लागते. मी गठ्ठा तुमच्यासमोर ठेवला, तर तुम्ही तो उलटा करून टेबलावर पालथा घातलात. इथल्या बायका कागदावर सही करत नाहीत, म्हणालात, आणि का ते सांगितलंत. कम्युनिस्टांच्या काळापासून इस्पितळांमधून रोमा बायकांची नसबंदी होत आली होती, कित्येकींना तर काय केलं हेही कळलं नाही. 2000 साली तिथल्याच पूर्व भागातल्या प्रेशोव्ह शहराच्या इस्पितळात एका रोमा बाईकडून ऐन बाळंतकळांत सही घेतली गेली. तिने दाद मागितली, प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि 2011 मध्ये न्यायालयाने स्लोव्हाकियाला दोषी धरलं. सरकारला माफी मागायला नोव्हेंबर 2021 उजाडला. मुलं गोळा करणारी भली ख्रिस्ती माणसं हीही तिकडे नवी गोष्ट नाही. अठराव्या शतकात महाराणी मारिया तेरेसाच्या हुकमाने रोमा मुलं आईबापांकडून काढून घेऊन दुसऱ्यांच्या घरी वाढवायला दिली होती. आमचा हसऱ्या मेंढराचं चित्र छापलेला फॉर्म त्या रांगेत जाऊन बसत होता.

तुम्ही तो फाडला नाहीत. चुलीजवळ बसून, एकेका आईला शेजारी घेऊन, प्रत्येक ओळ रोमानीत, त्यांच्या भाषेत, वाचून दाखवलीत. मध्येच कुणीतरी काही विचारायची, तुम्ही मला इंग्रजीत विचारायचात, माझं उत्तर ऐकून पुढे जायचात. ‘‘मुलांची माहिती सुरक्षित ठेवली जाईल’’ या वाक्याशी तुम्ही थांबलात आणि विचारलंत, कुठे? कुणाच्या कपाटात? किल्ली कुणाकडे? मला शेफील्डला फोन लावावा लागला. दुपार त्यातच गेली. बहुतेकींनी सह्या केल्या. एका आजीने काही केल्या केली नाही, आणि तुम्ही तिला एका शब्दाने आग्रह केला नाहीत. तिचे दोन नातू नियमाप्रमाणे आत येऊ शकत नव्हते, तर तुम्ही खिडकी सताड उघडून दिलीत. आठवडाभर ती दोन पोरं बाहेर पिंपावर उभी राहून गाण्यांत सगळ्यांच्या वरताण ओरडत होती, आणि रंगीत कागद आतबाहेर जात होते.

बाकीचं काम साधंच. समाजखोलीच्या भिंतींना बुरशी धरली होती, ती खरवडून रंग दिला. जमिनीखाली थंडी अडवणारे तक्ते टाकले, हे काम गटातल्या एका निवृत्त सुताराला येत होतं म्हणून झालं. लाकडं फोडली. पाणी आणलं. ओसादात पाण्याचं एक यंत्र आहे, पैसे भरलेली चिप लावली की नळ सुटतो. कॅन लहान मुलांच्या जुन्या बाबागाडीत घालून ढकलत न्यायचे, हे मला एका सात-आठ वर्षांच्या मुलीने शिकवलं आणि वळणावर गाडी कशी तिरकी धरायची तेही दाखवलं. लपंडाव खेळताना पोरं येख, दुइ, त्रिन, श्तार, पांज असं मोजू लागली तेव्हा मी हरखून गेले. तुम्ही म्हणालात, इंडियाची माणसं आली की एवढं ऐकूनच खूश होतात, आणि लाकडं तशीच राहतात. मी मुकाट्याने कुऱ्हाड उचलली.

संध्याकाळी तुम्ही मारिक्लि करायचात. पीठ, मीठ, पाणी आणि चिमूटभर सोडा, हातावर थापून थेट शेगडीच्या तापल्या लोखंडावर. भाकरीसारखी ती फुगत नाही, पण पालथी घालताना तुमची बोटं ज्या सफाईने निखाऱ्यावरून फिरायची ती बघून मला आमची आई दिसायची. पहिली मारिक्लि कायम त्या खिडकीतल्या पोरांना. मग उपासना. तुमचा भाचा कीबोर्ड घेऊन बसायचा, त्याची अर्धी बटणं गेलेली, तरी तो इतका तालात वाजवायचा की आमच्या तरुण संघाने धडा घ्यावा. मी टाळ नेले होते. एक मराठी भजन म्हटलं तर दुसऱ्या कडव्याला सगळी खोली धरून होती, शब्दांची कुणालाच पडली नव्हती. प्रार्थना तुम्हीच करायचात, मोठ्याने, डोळे मिटून, कुणाचा मुलगा तुरुंगात, कुणाचं बाळंतपण जवळ आलं, कुणाची वीज तोडली, सगळं नावानिशी. आमच्यासाठीही केलीत. यांना घरी सुखरूप ने, आणि आमच्याबद्दल खरं सांगायची यांना बुद्धी दे, असं त्यात होतं हे तुमच्या भाचीने मला नंतर सांगितलं.

पोप फ्रान्सिस 14 सप्टेंबर 2021 रोजी कोशित्से शहरातल्या लुनिक नऊ या रोमा वसाहतीत आले होते, तेव्हा तुम्ही पेंटेकॉस्टल, म्हणजे पोपला न मानणाऱ्या पंथातल्या, असूनही बघायला गेला होतात. त्याआधी 2019 मध्ये रुमानियात ब्लाज गावी त्यांनी कॅथलिक चर्चच्या वतीने रोमा लोकांची क्षमा मागितली होती. त्याबद्दल मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, चांगलं केलं, पण आमच्या गावात देवळातल्या बाकावर माझ्या शेजारी अजून कुणी बसत नाही.

बिबी, माझी पणजी राहुरीकडची बायबलबाई होती. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं 1831 साली. आमचं घराणं त्यांच्या शाळांत शिकलं आणि माणसात आलं, हे मी नाकारत नाही. पण त्या काळच्या अहवालांत साहेबांची आणि मडमांची नावं ठळक, आणि उन्हातान्हात पायी वस्त्यावस्त्या हिंडून बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, दुखण्याखुपण्याला धावणाऱ्या बायबलबाया बहुतेक ठिकाणी नुसत्या ‘बायबलबाई’. मडम सुट्टीवर जायची, पणजी तिथेच असायची. तुमच्या चुलीशी बसल्यावर मला अहवालातल्या त्या कोऱ्या जागेत कोण होतं ते पहिल्यांदा नीट दिसलं. माझा ख्रिस्ती धर्म मडमेकडून कमी आणि तुमच्यासारखीकडून जास्त आला आहे, असं मी आता आमच्या पाळकसाहेबांनाही सांगते. ते हसतात, पण परवा त्यांनी उपदेशात वापरलं.

आता कामाचं. नगरच्या मंडळीत यंदा हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावाचे पैसे तुमच्या खोलीच्या हिवाळ्यातल्या लाकडांसाठी द्यायचं ठरलं आहे. लिलाव जोरात झाला, माझ्या आईची एकच कोंबडी दोनदा विकली गेली, कारण पहिल्याने घेऊन ती पुन्हा अर्पण केली. रक्कम तुमच्या प्रार्थना गटाच्या नावावर पाठवते, देणाऱ्यांचं नाव कुठे लावू नका. आमचे खजिनदार कडक आहेत, लाकूडवाल्याची पावती तेवढी ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही यावं की नको हे तुम्ही सांगा. नको असेल तर तसं सांगा, गाडीभाड्याच्या पैशात तुमच्या भाच्याचा नवा कीबोर्ड होईल.

ख्रिस्तात तुमची,
शेफील्डची नगरवाली