पाऊस सरल्यावरचे वादळ आणि खाजनाचे बांध

संपादक महोदय,

वादळ गोव्याला धडकले नाही की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. खाजनशेतीला, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीला, तो परवडत नाही. २०१७ च्या डिसेंबरातले ओखी आणि २०१९ च्या दिवाळीतले क्यार, दोन्ही आपल्या किनाऱ्यापासून दूरवरून गेली. पण ओखी आले ते दत्तजयंतीच्या पौर्णिमेला लागून, आणि पेडण्यातल्या शॅकमध्ये पाणी शिरले. क्यार महाचक्रीवादळ झाले ते लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाच्या भरतीत फुगलेला समुद्र नदीच्या मुखातून आत चढतो आणि खाजनाच्या बांधाला भिडतो.

पाणी बांधावरून ओसंडले की आधी आतला उतार धुपतो. कुर्ल्यांच्या बिळांनी पोखरलेल्या जागी खिंडार पडते. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. पण फळी कुजून बोटभर फट राहिली, किंवा मासळीसाठी दार उघडे ठेवले, तर बांध शाबूत असूनही शेत खारे होते.

जूनमध्ये खारे पाणी शिरले तर पुढचा पाऊस मीठ धुऊन नेतो. दिवाळीनंतर तसा पाऊस नाही. मीठ उन्हाने वर येऊन मिरगापर्यंत मातीतच राहते; वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे पीक, तर गेलेच. खार सोसणारे कोरगुट भातही कापणीच्या तोंडावर आडवे होऊन भिजत पडले, तर लोंबीतच दाण्यांना मोड येतात.

दुरुस्तीची वेळ समुद्र ठरवतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी चढते. तेवढ्या दिवसांत खिंडार बुजले पाहिजे. उघडे राहिले तर पुढच्या उधाणात ते आणखी रुंदावते. निविदेची वाट पाहत बसण्याचे हे काम नव्हे. आणि बांधावर लाल माती टाकणे तर बंदच व्हावे, ती पहिल्या लाटांनी वाहून जाते. खाजनातलाच चिकट काळा गाळ, मध्ये पेंढा घालून, थरावर थर दाबायचा आणि बाहेरच्या अंगाला दगड रचायचे.

मृदसंधारण विभाग आणि कूळ संघटनांनी मानशीच्या फळ्या व रेतीच्या पिशव्या सप्टेंबरातच गावात ठेवाव्यात. वादळाच्या इशाऱ्यासोबत भरतीची वेळही कळवावी. मानशीतल्या मासळीचा लिलाव घेणाऱ्याने इशारा मिळताच दार बंद ठेवावे, ही अट करारातच हवी. तरीही पाणी शिरलेच, तर खिंडार बुजवल्यावर दर ओहोटीला दार पूर्ण उघडते आहे ना हे पाहावे. अडकलेला गाळ-कचरा काढला नाही तर खारे पाणी आतच साचते.

– एक शेतकरी, तिसवाडी