शिक्का राहिला आणि बॅग महाग पडली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत परदेशात ब्रँडेड वस्तू कशा स्वस्त मिळतात यावर अर्ध्या पानाचा लेख होता, तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीन जणांनी फॉरवर्ड केला आणि तिघांनीही मला टॅग केलं, कारण सगळ्यांना आमच्या बॅगेचा किस्सा माहितीये. लेख चुकीचा आहे असं नाही पण अर्धा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आमचे बारा हजार गेले. म्हणून लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मे 2024 ची गोष्ट. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासले. मी आणि मिसेस एका टूर कंपनीबरोबर पॅरिस-स्वित्झर्लंडला गेलो. लेकीने व्हॉट्सॲपवर एका हँडबॅगचा फोटो पाठवला होता, बाबा ही पॅरिसला स्वस्त मिळते, टॅक्सही परत मिळतो. किंमत 1150 युरो, तेव्हाच्या नव्वदच्या भावाने एक लाख साडेतीन हजार. मिसेसचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, एवढ्या पैशात तोळाभर सोनं झालं असतं म्हणाल्या. पण लेकीची पहिली मागणी, घेतली.

आता टॅक्सचं गणित असं, की फ्रान्समध्ये किमतीत 20 टक्के व्हॅट धरलेलाच असतो, आणि युरोपियन युनियनच्या बाहेर राहणाऱ्या पर्यटकाने एका दुकानात 100 युरोच्या वर खरेदी केली तर तो परत मागता येतो. लोकांना वाटतं 20 टक्के हातात येतात, तसं नाही, मधली रिफंड कंपनी आपलं कमिशन कापते आणि हातात साधारण 12 टक्केच पडतात. आमचे 138 युरो होत होते. दुकानातल्या मुलीने पासपोर्ट बघून फॉर्म छापून दिला, त्यावर बारकोड, लिफाफ्यात घालून दिला, मला वाटलं झालं काम.

काम तिथे सुरू होतं. माल खरंच युरोपियन युनियनबाहेर चाललाय हे कस्टम्सने मान्य करायला लागतं, त्यालाच आपण शिक्का म्हणतो. फ्रान्समध्ये आता त्यासाठी पाब्लो नावाची मशीन्स आहेत, बारकोड दाखवायचा, स्क्रीन हिरवी झाली की झालं. हे बॅगा चेक-इन करायच्या आधी करायचं, कारण अधिकाऱ्याने वस्तू दाखवा म्हटलं तर ती हातात पाहिजे. हा शिक्का युनियनमधून जिथून शेवटचे बाहेर पडणार तिथेच घ्यायचा. हे शेवटचं वाक्य तुमच्या लेखात नव्हतं आणि आमच्या टूर मॅनेजरच्या डोक्यातही नव्हतं. मी त्याला बसमध्ये विचारलं होतं, तर म्हणाला, काका, एअरपोर्टला होतं सगळं, टेन्शन नका घेऊ.

आमचं परतीचं विमान झुरिकहून होतं.

स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. व्हिसा तोच चालतो, पासपोर्टही कोणी बघत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं एकच, पण कस्टम्ससाठी ती वेगळी हद्द. म्हणजे आमची शेवटची जागा होती बासेलजवळची सीमा, जिथून आमची बस दुपारी गेली आणि तेव्हा बसमध्ये अंताक्षरी रंगात आली होती, 'य' वर अडलेलं, खिडकीतून निळ्या गणवेशातली दोन माणसं दिसली तेवढीच. पाच दिवसांनी झुरिक विमानतळावर मी ऐटीत लिफाफा काढला, काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म उलटा-सुलटा केला, बोटाने फ्रान्स लिहिलेली ओळ दाखवली आणि हसून मान हलवली. त्या अगदी नीट वागल्या, पण मान काही थांबली नाही. नशीब एवढंच की मी पॅरिसमध्येच रिफंडचे पैसे आगाऊ रोख घेतले नव्हते, ग्रुपमधल्या एका जोडप्याने घेतले होते आणि शिक्का न झाल्यामुळे नंतर त्यांच्या क्रेडिट कार्डावरून ते परत कापले गेले, वर दंड.

आमच्या शेजारचे त्याच महिन्यात पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम करून फ्रँकफर्टहून परतले, त्यांनी पॅरिसच्याच पावतीवर फ्रँकफर्टला शिक्का घेतला आणि पैसे आले. वस्तू तशीच, दुकान तेच, फरक फक्त रूटचा.

लेखात लंडनचंही नाव होतं. तर ब्रिटनने पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवर व्हॅट परत द्यायची योजना जानेवारी 2021 पासून बंद केली आहे, तेव्हा लंडनच्या भरवशावर कोणी हिशोब मांडू नये. आणि सेलबद्दल म्हणाल तर फ्रान्समध्ये उन्हाळी सेल सरकार ठरवतं त्या तारखेला जूनच्या अखेरीस लागतो, चार आठवडे चालतो, दुसरा जानेवारीत. आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या मे मध्ये, म्हणजे आपण बरोबर सेलच्या आधी जाऊन पूर्ण किंमत मोजून येतो 😄

आता मुंबईत उतरल्यावरचं. तेव्हाच्या बॅगेज नियमात 50 हजारांपर्यंतच्या वस्तूंवर ड्युटी नव्हती, वरच्या रकमेवर सरचार्जसकट 38.5 टक्के. दोघांचे मिळून एक लाख होतात की, असं मी म्हणालो, तर नाही, एका वस्तूवर दोघांची सूट जोडता येत नाही. लाल चॅनेलने, म्हणजे ड्युटीची वस्तू आहे सांगणाऱ्यांच्या रांगेने गेलो, पावती दाखवली, वीस हजार सहाशेच्या आसपास ड्युटी भरली. लेकीने मग मुंबईच्या शोरूममध्ये विचारलं, तीच बॅग सव्वा लाखाला, म्हणजे आमच्या बॅगेपेक्षा जेमतेम हजार रुपये जास्त. पॅरिसला जाऊन आम्ही हजार रुपये वाचवले, ते झुरिकला दोन कॉफीत गेले. (ही मर्यादा आणि दर बदलत असतात, जाणाऱ्यांनी निघायच्या आधी ताजे बघावेत.)

बाकी जिथे खरंच पैसे वाचतात त्या गोष्टींना कोणी ग्लॅमर देत नाही. लुसर्नला चॉकलेट घेताना कार्डच्या मशीनने विचारलं, फ्रँक की रुपये, मिसेसना रुपये दिसले म्हणून बरं वाटलं आणि त्यांनी तेच दाबलं. तिथे रूपांतराचा दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो महागच असतो, नेहमी स्थानिक चलन दाबावं. आमच्या फॉरेक्स कार्डात सगळे युरोच भरलेले, स्वित्झर्लंडमध्ये चालतात फ्रँक, त्यामुळे प्रत्येक स्वाइपला वेगळा चार्ज. आणि टीसीएस, म्हणजे परदेशी टूरचे पैसे घेताना टूर कंपनी सरकारसाठी वसूल करते तो टॅक्स. आमच्या साडेसहा लाखांच्या पॅकेजवर 5 टक्क्यांनी साडेबत्तीस हजार कापले, ते खर्च म्हणून सोडून देणारे माझ्या ओळखीत चार जण आहेत. अहो, तो आगाऊ टॅक्स आहे, 26एएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या आपल्या नावावरच्या पत्रकात दिसतो, रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत येतो. एवढं एक मात्र मी नीट केलं.

घरी आल्यावर टूर कंपनीच्या ऑफिसला फोन केला, म्हटलं बाकी जाऊ दे, निदान पुढच्या लोकांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ छापा की या रूटवर व्हॅटचा शिक्का अमुक ठिकाणी मिळेल, आणि बस तिथे पंधरा मिनिटं थांबवा. पलीकडचा मुलगा म्हणाला, सर, शॉपिंग हा पॅसेंजरचा पर्सनल विषय आहे, त्यात कंपनी पडत नाही. मी समोर कार्यक्रमपत्रिका धरूनच बसलो होतो, त्यात तिसऱ्या दिवशी ठळक अक्षरात छापलंय, 'पॅरिसमध्ये टॅक्स-फ्री शॉपिंगसाठी अडीच तास'.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड, पुणे