हक्कसोडीवरची सही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदा 8 मार्चला आमच्या गावच्या शाळेत आलेले पाहुणे म्हणाले, "आता लेकी कलेक्टर होतायत, फौजदार होतायत. स्त्रीवाद कशाला पाहिजे?" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण बसली होती. अर्धा रोज पाडून ती आली होती. हरभरा उपटून तळहाताला आलेले फोड तिनं पदरात झाकले होते. ते वावर आमच्या वडिलांचं. आज ते दादाच्या नावावर आहे आणि बहीण तिथं रोजानं जाते.

वडील 2009 साली गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर दादा आम्हा दोघींना हक्कसोडपत्रावर, म्हणजे वावरातला आमचा वाटा त्याच्या नावे सोडल्याच्या कागदावर, सही करायला तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेला. समोर कॅमेरा, मशीनवर अंगठा. "स्वखुशीनं सोडताय ना?" असं विचारलं, तेव्हा दादा आमच्या मागंच उभा होता. आम्ही माना डोलावल्या. बाहेर येऊन रसवंतीवर रस प्यालो, दादानं दोघींना साड्या घेतल्या. कुणी दमदाटी केली नाही. करायची गरजच नव्हती. हिस्सा मागितलेल्या आत्याचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे, हे आम्ही लहानपणापासून पाहिलं होतं.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढा वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून लागू आहे. देशभर ती 2005 मध्ये आली. वडील 2005 आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. म्हणजे आम्ही सही केली तेव्हा महाराष्ट्रातली दुरुस्ती जुनीच झाली होती. ती आम्हाला कुणी सांगितली नाही, आणि सांगितली असती तरी आम्ही सहीच केली असती. मला बोलायचंय ते याबद्दल.

पुढं बहिणीचा नवरा गेला. सासरची जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर, दिरांनी तोंड फिरवलं. दोन लेकरं घेऊन ती माहेरी आली. दादा वाईट नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. तो तिला रोज वेळेवर देतो, लेकरांच्या वह्या-पुस्तकांचं बघतो. पण स्वतःच्या बापाच्या वावरात खुरपं घेऊन बसलेली बहीण संध्याकाळी भावाकडून रोज मोजून घेते, ते मला बघवत नाही.

तिनं एक एकर ठोक्यानं, म्हणजे खंडानं, घेऊन सोयाबीन केलं होतं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत सगळं पाण्यात गेलं. बियाणं तिचं, खत तिचं, उधारी तिची. मदतीचे पैसे मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराच्या खात्यात गेले. पीककर्जाला सातबारा लागतो, पीएम किसानच्या वर्षाच्या 6000 रुपयांना जमीन नावावर लागते, आता शेतकरी ओळख क्रमांकही त्यावरूनच निघतो. खुरपणी, वेचणी, काढणी बायकांनी करायची, आणि 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये, म्हणजे ज्यांच्या नावानं शेती कसली जाते त्यांच्यात, बाई जेमतेम 14 टक्के! शेजारच्या बीडकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी एकच 'कोयता' म्हणून मोजतात, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. हिशेबात बाई वेगळी येतच नाही.

'स्त्रीवाद' हा शब्द आमच्याकडं शिवीसारखा वापरतात. मलाही तो कालपरवापर्यंत शहरातल्या बायकांचाच वाटायचा. पण त्या दिवशी त्या कचेरीत बहिणीला बाजूला घेऊन कुणीतरी विचारायला हवं होतं, "बाई, तुला काय पाहिजे?" हे ज्यात बसेल असा दुसरा शब्द मला सापडत नाही. आणि तो बाहेरून आला म्हणावं, तर तेही खरं नाही. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन 1986 मध्ये चांदवडला झालं, ते शेतकरी बायकांचंच होतं. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करावी, हा लक्ष्मी मुक्तीचा विचार संघटनेचे नेते शरद जोशींनी गावोगाव नेला. सातबाऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावायची लक्ष्मी मुक्ती योजना सरकारदरबारी आहे. आमच्या गावात किती जणांनी ती वापरली, मी विचारून पाहिलं. बहुतेकांनी नावच ऐकलं नव्हतं.

म्हणून आपल्या दैनिकातून दोन मागण्या करते. हक्कसोडपत्र नोंदवताना बहिणीला भावाच्या माघारी, एकटीला विचारावं, आणि तिच्या वाट्याला किती जमीन येते ते आकड्यात वाचून दाखवावं. महसूलच्या शिबिरात तलाठ्यानं प्रत्येक खातेदाराला बायकोचं नाव लावण्याबद्दल स्वतःहून विचारावं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

हे पत्र पाठवण्याआधी दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. वहिनी चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. मग म्हणाला, "पाठव. फक्त गावाचं नाव नको."

आपली,
एक वाचक
ता. गंगाखेड, जि. परभणी