कार्बाइन कोतची होती, पाऊच माझं

चि. अमेय, अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले सगळे. आईनं पहिलाच फोटो बघून विचारलं की हे बंदूक मांडीवर घेऊन बसलेले आजोबा कोण आणि आपला पोरगा दर रविवारी यांच्याकडे जेवायला कशाला जातो, तिला म्हटलं अगं शेजारी आहेत त्याचे, नव्वदीच्या पुढचे, कोरियाची लढाई बघून आलेले, गरम जेवण मिळतंय पोराला तर मिळू दे की.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंयस की ते आणि त्यांचा नातू मिळून गॅरेजमध्ये जुन्या हत्यारांचे कस्टम बिल्ड करतात, ज्यानं जे वापरलं तसंच्या तसं, आणि माझ्या कार्बाइनची एक डमी बनवून घेऊ का म्हणून, साठीचं गिफ्ट, हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावायला. थांब जरा, ऑर्डर देऊ नकोस.

पहिलं म्हणजे त्यांच्या मांडीवर आहे ती एम-वन कार्बाइन, आणि आमची ती ९ एमएम कार्बाइन, स्टर्लिंगच्या डिझाइनची, कानपूरला बनलेली वन-ए-वन. दोन्हीला कार्बाइन म्हणतात पण तसा काही संबंध नाही. त्यांची म्हणजे छोटी रायफलच, लाकडाचा दस्ता, १५ गोळ्यांचं मॅगझिन खालून लागतं, जेमतेम अडीच किलोची. आमची म्हणजे लोखंडी नळकांडं, दस्ता दुमडून खाली घ्यायचा, ३४ गोळ्यांचं वाकडं मॅगझिन डाव्या बाजूनं आडवं. आणि तू अमेरिकेत ज्या डेटनमध्ये राहतोस ना, तिथंच जनरल मोटर्सच्या इनलँड कारखान्यात त्या एम-वन सगळ्यात जास्त बनल्या, दुसऱ्या महायुद्धात एकूण ६० लाखांच्या वर, टाइपरायटरवाली अंडरवूड, आयबीएम, ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला, सगळे त्या कामाला जुंपलेले. मागच्या साइटपाशी, म्हणजे नेम धरायच्या खाचेपाशी, कंपनीचं नाव कोरलेलं असतं, आजोबांच्या कार्बाइनवर काय आहे ते बघून सांग.

फोटो झूम करून बघताना मजा आली ती दस्त्यावर चढवलेल्या कॅनव्हासच्या पाऊचची. दोन मॅगझिनचं आहे ते, खरं तर बेल्टला लावायचं, पण मागचा पट्टा दस्त्यात बरोबर बसतो म्हणून पोरांनी तिथंच चढवलं. साहेब लोक काय ठरवतील ते ठरवोत, शिपाई आपली सोय आपण बघतो, हे जगात सगळीकडे सारखंच. आणि दस्त्याच्या खाचेत ती तेलाची बारकी नळी दिसली का, स्लिंगचा पट्टा तिनंच अडकवलेला असतो, म्हणजे तेल बरोबर आणि वेगळी खिट्टी नको. ज्यानं हे काढलं त्याला माझा सॅल्यूट.

आता माझ्या कार्बाइनचं. अरे, माझी म्हणून कुठली? ती कोतची, म्हणजे युनिटच्या शस्त्रागाराची. सकाळी लाइन लावायची, बट नंबर, म्हणजे हत्याराच्या दस्त्यावरचा नंबर, सांगायचा, रजिस्टरला सही, संध्याकाळी फुलतरू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, मारून, चिंदीनं पुसून परत, आणि कोत एनसीओ, म्हणजे कोत सांभाळणारा, नळीत डोळा घालून बघणार, जरा काळं दिसलं की परत पाठवणार. फायरिंगहून आलं की गोळ्या किती घेतल्या, खोके, म्हणजे उडालेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं, किती जमा केले, एक खोका कमी भरला तर अख्खी पार्टी अंधार पडेपर्यंत गवतात वाकलेली. पोस्टिंग बदललं की बट नंबर बदलला. आम्ही तर तोपखान्यातले, आमचं खरं हत्यार तोफ, कार्बाइन म्हणजे गळ्यात अडकवलेलं ओझं, गोळे उचलताना सारखं मध्ये यायचं. त्यामुळे तिच्यावर जीव वगैरे जडला असं मी तुला खोटं सांगणार नाही. चीज चांगली होती पण. बोल्टवर स्क्रूसारख्या तिरक्या कडा असायच्या, आतली माती-कचरा त्याच खरवडून बाहेर काढायच्या, देवळालीच्या फायरिंग रेंजवर उन्हाळ्यात जी धूळ उडते त्यात हे लय कामाला यायचं.

आणि डमीचं म्हणशील तर मागच्या गनर्स डेला, २८ सप्टेंबरला, नाशिकरोडला आम्ही जमलो होतो तेव्हाची गोष्ट ऐक. आमच्यातल्या एका सुभेदार साहेबांनी सुताराकडून सागवानी कार्बाइन बनवून आणलेली, पॉलिश असं की चेहरा दिसावा. सगळे वा वा करतायत, हातात घेतायत, फोटो काढतायत आणि एकदम मागून कोणीतरी ओरडलं, अहो साहेब, मॅगझिन उजवीकडं! सुताराला दिलेला फोटो मोबाइलमध्ये उलटा झालेला, त्यानं तसंच्या तसं घडवलं. मग जे सुरू झालं, खोके तोंडावर उडणार का तुमच्या, लेफ्टी रेजिमेंट कधी उभी केली, आणि जो तो आपापली आठवण सांगतोय की खोके बाहेर पडायच्या खिडकीपुढं एक बारकं पत्र्याचं कुंपण असतं बोट आत जाऊ नये म्हणून, ते कुठंय, नळीवरची भोकं कमी आहेत, दस्ता दुमडत नाही. सुभेदार साहेब लाल झाले, मग तेही हसले. दोन तास त्या लाकडावर गेले, जेवण गार. मला वाटतं बरोबर बनली असती तर दोन मिनिटं बघून सगळे जिलबीकडे गेले असते.

तर मला हवंय ते पाऊच. हसू नकोस. हत्यार जमा व्हायचं पण पाऊच अंगावर राहायचं. ३७ पॅटर्नचं वेब, म्हणजे जाड विणीचं सुती कापड, त्यावर ब्लँको नावाचा हिरवा रंग चोळायचा आणि पितळेला ब्रासो पॉलिश, परेडच्या आदल्या रात्री बॅरेकभर तोच वास. वरच्या झाकणाची पट्टी पितळी कडीतून ओढून घ्यायची, भिजलं की पट्टी फुगायची आणि थंडीत बोटं गोठलेली असताना ती निघता निघायची नाही, मग दातानं ओढायची, पितळ ओठाला चिकटायचं. एका पाऊचात मॅगझिन, दुसऱ्यात कायद्यानं मॅगझिनच पण वर द्रासकडे असताना शक्करपारे, सुई-दोरा आणि तुझ्या आईची अंतर्देशीय पत्रं. पत्रांना गनऑइलचे डाग पडायचे, अजून आहेत तिच्या ट्रंकेत.

इथं देवळाली कॅम्पात मिलिटरीचं शिवणारे टेलर आहेत पण त्यांच्याकडे आता सगळं नायलॉन, चट्टेरी-पट्टेरी. तुझ्या त्या नातवाला जाड कॉटन वेबिंग मिळतं का विचार, मिळत असेल तर एकच पाऊच शिवून घे, मापं मी व्हॉट्सअॅपवर काढून पाठवतो. पितळ खरं पाहिजे, रंग लावलेलं नको. बंदुकीसारखं काही मात्र बॅगेत घालू नकोस, डमी असली तरी, मुंबईला कस्टमवाल्यांना समजावता समजावता नाकी नऊ येतील. तिकडं १९६३ साली सरकारनं जुन्या कार्बाइन २० डॉलरला विकल्या लोकांना. इथं ९ एमएम म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, साध्या माणसाला बंदी असलेली, आणि लायसनची बारा बोअर असली तरी तिची नळी परस्पर कापली की आर्म्स अॅक्ट लागला. आमच्यातले रिटायर होऊन बँकेच्या दारात बारा बोअर घेऊन उभे असतात, त्यांचं कस्टम बिल्ड म्हणजे दस्त्याला बांधलेलं रबर.

आणि एक काम कर. थंडीत त्यांच्या कार्बाइन अडायच्या आणि चिन्यांच्या रुईभरल्या कोटातून गोळी पार जात नाही म्हणून तिकडचे सैनिक तक्रार करायचे असं मी वाचलंय, आजोबांना विचार की त्यांचा अनुभव काय, तेल पुसून कोरडी ठेवायचे का. आणि हेही विचार की आपली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, म्हणजे आपल्या लष्कराची वैद्यकीय तुकडी, त्यांना आठवते का, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची. १९५० पासून कोरियात होती, ५१ च्या मार्चमध्ये अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर विमानातून उड्या मारल्यात आपल्या डॉक्टरांनी. आठवत असेल तर ते काय बोलतात ते रेकॉर्ड करून पाठव, इंग्लिश असलं तरी चालेल, मी दोनदा ऐकीन. सूनबाईला आशीर्वाद, आई म्हणतेय चिवडा पोचला का ते कळव.

तुझा,
बाबा