एका आद्याक्षराचे पूर्ण नाव विचारायला गेलेल्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खासगीत पाठवता आले असते. पण आमची मार्गदर्शन योजना ज्यांच्यासमोर दोनदा फसली, त्यांच्यासमोरच तुमचे आभार मानावेत असे वाटले, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. वर्ष संपून महिना होत आला, तरी तुमचा विषय निघाला की माझा आवाज अजूनही नीट लागत नाही. लिहिण्यात निदान ती अडचण नाही.

तुम्ही येण्यापूर्वी आमच्या शाळेत मार्गदर्शनाची तासिका नव्हती, असे नाही. ती होती आणि कागदावर तर फारच देखणी होती. आठवड्यातून एक तास, एका शिक्षकाकडे पन्नासच्या वर मुले आणि दर खेपेला भरून घ्यायचा एक छापील तक्ता. 'माझी बलस्थाने', 'माझे ध्येय' वगैरे रकाने मुले दहा मिनिटांत भरून टाकत आणि गृहपाठ काढून बसत. आम्हीही समोर बसून वह्या तपासत असू. ज्या तज्ज्ञांनी ही योजना आखून दिली, त्यांनी एका दिवसाच्या प्रशिक्षणात आम्हाला शंभरावर स्लाइड दाखवल्या, शेवटी प्रमाणपत्रे वाटली आणि त्यानंतर आमच्या एकाही ईमेलला उत्तर दिले नाही. पुढच्या वर्षी एका समितीने तीच योजना नवे नाव देऊन परत आणली. मला या मंडळींचा राग येतो तो त्यांची योजना फसली म्हणून नाही, कारण योजना कोणाचीही फसू शकते. ती मुले कोण आहेत, हा प्रश्न त्या दोन वर्षांत कोणत्याही बैठकीत निघाला नाही, याचा राग येतो. त्या बैठकांना मीही हजर होतो, हेही इथेच लिहून ठेवतो.

मग ही योजना सावरायला आम्हाला मदत करण्यासाठी तुम्ही आलात आणि आमची फाइल न उघडताच बाजूला ठेवलीत. तुम्ही मागितलेत ते फक्त हजेरीपट. ते शिक्षककक्षाच्या भिंतीवर लावून तुम्ही सांगितलेत, की गुण आणि हजेरी यांपलीकडची एखादी तरी गोष्ट ज्या मुलाविषयी ठाऊक असेल, त्याच्या नावापुढे प्रत्येकाने एक ठिपका द्यावा. अर्ध्या तासात बक्षिसे मिळवणाऱ्यांच्या नावांपुढे ठिपक्यांची दाटी झाली, दंगा करणाऱ्यांपुढेही झाली, आणि मधली नावे, म्हणजे वेळेवर येणारी, मध्यम गुण मिळवणारी, कोणालाही त्रास न देणारी मुले, ओळीने कोरी राहिली. ही युक्ती तुमची नाही, अनेक शाळांत ती वापरतात, असे तुम्हीच सांगून टाकलेत. त्यानंतर जे घडले ते मात्र कोणत्याही पुस्तिकेत असेल असे मला वाटत नाही.

कोरी नावे तुम्ही एकेक करून मोठ्याने वाचत होतात. एका नावाशी थांबलात, कारण पटावर केवळ आद्याक्षर आणि आडनाव होते. 'याचे पूर्ण नाव काय?' असे तुम्ही विचारलेत. खोलीत त्या वर्गाला शिकवणारे आम्ही पाच जण होतो. एकाने एक नाव सांगितले, दुसऱ्याने दुसरे, आणि मी, जो त्या मुलीला दोन वर्षे गणित शिकवत होतो, खाली पाहत राहिलो. कार्यालयातून नोंदवही मागवणे सोपे होते आणि कोणीतरी तसे सुचवलेही. तुम्ही 'नको' म्हणालात, चष्मा टेबलावर ठेवलात आणि जिना उतरून त्या वर्गात गेलात. मधल्या सुटीची दहा मिनिटे उरली होती. परत आलात तेव्हा तुम्ही आम्हाला एक शब्दही सुनावला नाहीत. पेन घेऊन आद्याक्षराच्या जागी तिचे पूर्ण नाव लिहिलेत, त्यापुढे एक ठिपका दिलात आणि पुढचे नाव वाचायला घेतलेत.

तुमच्या साऱ्या मदतीपैकी माझ्या मनात ठसून राहिले ते हे जिना उतरणे. सेवानिवृत्तीनंतर, गुडघे दुखत असताना, पुन्हा कधी भेटणार नाही अशा मुलीचे नाव तिच्याच तोंडून ऐकावे म्हणून कोणी दोन मजले उतरून चढते, हे पाहिल्यावर माझ्याजवळ सबब उरली नाही.

त्यानंतरच्या आखणीचा तपशील इथे देत नाही. तो ज्यांना हवा असेल त्यांना मी आनंदाने देईन. पण तुमच्या दोनतीन आग्रहांमुळे आमचे पाऊल सरळ पडले, ते सांगितले पाहिजेत. हे काम एकट्या समुपदेशकावर सोडता येणार नाही, हे तुम्ही आकड्यांनी पटवून दिलेत. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत असे सुचवते. म्हणजे ही आदर्श मानलेली स्थिती प्रत्यक्षात आली तरी एका माणसाला प्रत्येक मूल जवळून ओळखता येणे कठीणच. तिथल्याच माध्यमिक मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९६ साली प्रत्येक विद्यार्थ्यामागे शाळेतील एक तरी प्रौढ हितचिंतक असावा अशी शिफारस केली होती, तीही तुम्ही दाखवलीत. म्हणून ग्रंथपाल, क्रीडाशिक्षक, प्रयोगशाळा सहायक अशा सर्वांकडे गट आले आणि पन्नासांचा घोळका बारा-पंधरा मुलांवर उतरला. गट दरवर्षी मोडायचा नाही, तीच मुले आणि तोच शिक्षक शाळा सुटेपर्यंत एकत्र राहतील, हा तुमचा हट्ट मला तेव्हा अव्यवहार्य वाटला होता. आता वाटते, की त्याच्याशिवाय बाकीचे सारे वेळापत्रकातली आणखी एक चौकट होऊन राहिले असते. आठवड्याच्या एका तासाऐवजी रोजची वीस मिनिटे घ्यावीत, हेही तुमचेच. सोमवारी गप्प बसलेले मूल गुरुवारी बोलते, आणि ते गप्प होते हे लक्षात यायला तुम्ही सोमवारीही तिथे असावे लागता.

एका मुद्द्यावर माझा तुमच्याशी मतभेद होता आणि अजूनही आहे. ज्यांची इच्छा नाही अशा सहकाऱ्यांनाही गट द्यावा, माणूस गटात बसल्यावर बदलतो, असे तुमचे म्हणणे होते. काही बदलले, हे मान्य. एकजण बदलले नाहीत आणि त्यांच्या गटातल्या मुलांचे ते वर्ष परत येणार नाही.

तुम्ही सर्वांत जास्त वेळ घालवलात तो आम्हाला आमची मर्यादा शिकवण्यात. मुलाचे ऐकून घ्यायचे, पण उपचार करायला बसायचे नाही. कोणाला सांगणार नाही असे वचन आधीच द्यायचे नाही, कारण जिवाला धोका असल्याची शंका आली तर सांगावेच लागते. अशा वेळी त्याच दिवशी मुलाला समुपदेशकाकडे न्यायचे, नुसते पाठवायचे नाही. 'न्या' आणि 'पाठवा' यांतला फरक समजावताना तुम्ही हवाई बेटांतील कौआईचा दाखला दिला होतात. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला, आणि अनेक बाजूंनी अडचणीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश तरीही उत्तम सावरली. त्यांना जपणारे किमान एक मोठे माणूस त्यांच्या वाट्याला आले होते. मुलाबरोबर चालत जाणारे ते माणूस, एवढे बोलून तुम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलात.

चांगुलपणाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि तो बहुधा मोठ्या त्यागाच्या गोष्टींतून सांगितला जातो. मला तो तुमच्यात दिसला तो निराळा होता: जे काम दुसऱ्यावर सहज ढकलता आले असते, ते स्वतः उठून करणे आणि केल्यावर त्याचा उच्चार न करणे. आमच्या ग्रंथपालबाईंमध्ये तो आधीपासून होता, हे मला आता कळते. त्यांना गट मिळण्याच्या कितीतरी आधी मुले सुटीत त्यांच्या टेबलाभोवती का रेंगाळत, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

वर्षअखेरीस तुमच्या सांगण्यावरून आम्ही मुलांना नावे न लिहिता एकच प्रश्न विचारला: अडचण आली तर या शाळेत तू कोणाकडे जाशील? काही चिठ्ठ्या अजूनही कोऱ्या आल्या. त्या मी जपून ठेवल्या आहेत, कारण यंदाची आखणी त्यांच्यापासूनच सुरू करायची आहे.

ती मुलगी माझ्याच गटात आहे. तुम्ही तिच्याकडे का गेला होतात, हे मी तिला सांगितलेले नाही. तिला वाईट वाटेल या भीतीने नव्हे, माझीच लाज राखण्यासाठी. पण परवा तासिका संपताना तिने आपणहून विचारले, 'सर, सुटीत येऊन माझे नाव विचारणाऱ्या त्या बाई पुन्हा येणार आहेत का?' मी विचारून सांगतो म्हणालो.

तर बाई, विचारतो आहे. आमची तासिका रोज पहिल्या प्रहरात असते आणि यंदा आमचा वर्ग तळमजल्यावर आहे.

तुमचा ऋणी,
मार्गदर्शन योजनेचा समन्वयक आणि गणिताचा शिक्षक